थांबा, दावतो तुमास्नी!

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबवलेलं चालत नाही. गाढवपणा कोण करत नाही हो? पण डोक्यावर हेल्मेट चढवून, पोपटी टी-शर्ट घालून, अख्ख्या राजारामपुरीला साक्षी ठेवून केलेला गाढवपणा माझ्याच नावावर आहे.

त्याचं असं झालं, गेल्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, नाहीतर सायकल तरी चालवा." चालायचा मला मनस्वी कंटाळा. मग घेतली सायकल. गिअरची! तिला कॅरिअर नसतं, ते मी मुद्दाम बसवून घेतलं. दुकानदार नाक मुरडत होता, पण आपण ऐकतोय होय?

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. लोकांनी ओतलेल्या कास्टिंगमधली खोट शोधायची, खडूनं फुली मारायची आणि बाजूला ठेवायचं. तीस वर्षं हेच. अशा माणसाच्या बुडाखाली सायकल आली. मग काय विचारता! रस्त्यात जो दिसेल त्याच्यावर मनातल्या मनात फुली. हॉर्न मारणारा मोटारवाला, फुली. फुटपाथ सोडून रस्त्यानं चालणारा, फुली. रिक्षावाल्यांना तर मी न बघताच फुली मारायचो.

बायको म्हणायची, "तुमी सायकल चालवायला जाताय का भांडायला?"

"दोन्हीला. तेवढाच जास्त व्यायाम!"

तर तो रविवार. आमच्या स्नेहलची सरकारी नोकरीची परीक्षा. पोरीनं दोन वर्षं ना कुणाचं लग्न बघितलं, ना गणपतीतली मिरवणूक. मागच्या खेपेला दोन मार्कांनी हुकलेली. तेव्हा आठ दिवस धड जेवली नव्हती, इतकं तिनं मनाला लावून घेतलं होतं. यावेळी मात्र तयारी झकास. राजारामपुरीच्या पलीकडं एका कॉलेजात सेंटर. साडेनऊला गेट बंद, म्हणजे बंद. मैत्रिणीच्या स्कूटरवरून ती आठलाच गेली.

नऊला दहा कमी असताना फोन.

"पप्पा! फाईल! टीव्हीपाशी राहिली!"

फाईल म्हणजे प्लास्टिकची, आरपार दिसणारी. आत हॉलतिकीट आणि ओरिजिनल आधारकार्ड. ते नसेल तर देवाची शिफारस आणली तरी आत घेत नाहीत.

"रडू नको. आलोच मी," म्हणालो.

बायको म्हणाली, "मोटारसायकल काढा."

"रविवारचा बाजार आहे. गर्दीत मोटारसायकल अडकते. सायकल कशी, सापासारखी जाते बघ."

"मग फाईल निदान शर्टाच्या आत तरी घाला."

मी ऐकलं का? नाही ऐकलं. घामानं भिजेल म्हणून कॅरिअरच्या चापात अडकवली. वर दोनदा थोपटून बघितली. एकदम घट्ट!

निघालो. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर तिकटी आहे, म्हणजे तीन रस्ते जिथं एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा. सिग्नल लाल. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. सायकलवाल्यानं पुढंच उभं राहायचं असतं, हे मी स्वतःच ठरवलेलं. मागं एक जुनी जीप येऊन थांबली. आणि तिनं हॉर्न मारला.

लाल सिग्नलला हॉर्न! मी मान वळवून बघितलं. पुन्हा हॉर्न. उजव्या हाताला भाजीची पिशवी घेतलेली एक आजी होती, तीही काहीतरी तावातावानं बोलायला लागली. मला वाटलं, आजी माझ्या बाजूनं बोलतायत. मला जोर चढला.

मी सायकल तिथंच आडवी टाकली. हो, आडवी! स्टँड लावायला डोकं ठिकाणावर लागतं. तरातरा गेलो आणि जीपच्या बॉनेटवर हात आपटला.

"ओ पावणं! रस्ता काय वाडवडिलांनी बांधून ठेवलाय? सायकलवाला माणूस न्हाय व्हय?"

आतून आवाज आला, "अवो, जरा ऐका तर…"

"काय ऐकायचं न्हाय! उतरा खाली! उतरा, बघू!"

आयुष्यात कुणालाही 'उतरा खाली' म्हणण्याआधी आत बसलेला माणूस केवढा आहे, ते बघून घ्या. हा माझा तुम्हाला फुकटचा सल्ला.

तो उतरायला लागला. आधी एक पाय आला. मग दुसरा. मग पोट आलं, मग छाती, मग खांदे. माणूस संपेचना! शेवटी डोकं आलं, त्यावर गलमिशा, आणि दोन्ही कान पैलवानांचे असतात तसे मोडलेले. जीपच्या मागच्या बाजूला बघतो तर चांगली जाडजूड लाकडी दांडकी भरलेली. चार तरी असतील.

माझा व्यायाम तिथंच संपला.

इतक्यात सिग्नल हिरवा झाला. मी सायकल उचलली, टांग टाकली आणि सुटलो. आणि मागून तो आवाज आला. काय आवाज हो! पंचगंगेच्या घाटावर हाक मारली तर पलीकडच्या काठावरची म्हैस वळून बघेल.

"ओ पावणंऽऽ! थांबा! थांबा, दावतो तुमास्नी!"

आता तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर हे समजून घ्या. आमच्याकडं 'दावतो' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कुणाच्या घरी गेलात आणि यजमान म्हणाला, "थांबा, दावतो तुमास्नी," तर तो तुम्हाला नवी म्हैस दाखवणार, नाहीतर बांधलेला मजला दाखवणार. पण तेच वाक्य भर चौकात, बॉनेटवर हात आपटल्यावर कानावर आलं, तर त्याचा एकच अर्थ. पुढचे पंधरा दिवस तुम्ही हळद लावून झोपणार.

मी पायडल हाणलं. मागं बघितलं तर जीप माझ्याच मागं! खिडकीतून त्याचा हात बाहेर, आणि हातात काहीतरी चपटं, लांबट, उन्हात चकाकणारं. कोयता! दुसरं काय असणार?

राजारामपुरीत शिरलो. तिथं गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं पळणाऱ्याचा हिशेब चुकत नाही. तिसऱ्या गल्लीत घुसलो, चौथीतनं बाहेर आलो. जीप हजर! पाचवीत घुसलो. ती वन-वे होती आणि मी उलट्या बाजूनं. समोर ट्रॅफिक हवालदार.

"ओ सायकल! वन-वे हाय!"

"साहेब, मागं लागलाय तो! वाचवा!"

म्हणालो आणि तसाच पुढं गेलो. हवालदारांनी गल्लीच्या तोंडाशी जीप अडवली. म्हटलं, वाचलो. लांबून बघतो तर दोघं बोलतायत. त्या मिशीवाल्यानं खिडकीतून काहीतरी दाखवलं. हवालदारांनी मान डोलावली. आणि मग काय केलं असेल? माझ्याकडं बोट दाखवलं! वर स्वतः ओरडले, "ओ सायकलवाले! थांबा की, ते बोलवत्यात!"

पोलीसच त्याला सामील! तरी म्हटलं, माणूस साधा दिसत नाहीच.

आणि कोल्हापूरचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एकानं हाक मारली की दहा जण मारतात. का मारायची, ते नंतर विचारतात. चहाच्या टपरीवरचे ओरडायला लागले. फुटपाथवरनं चाललेले दोन म्हातारे काठ्या हलवायला लागले. एक बाई तर स्कूटरवरून माझ्या बरोबरीनं आली आणि म्हणाली, "अवो, थांबा की! एवढा माणूस मघापासनं हाका मारालाय, तुमास्नी काय हाय का न्हाय?"

"तुम्ही यात पडू नका, ताई! जीव जाईल माझा!"

"येडंच हाय," म्हणाली आणि निघून गेली.

पायांत गोळे आले. छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी सायकल सांगितली होती, पण ही अशी नव्हती सांगितली. सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी दिसली. सायकल बाजूच्या बोळात लपवली आणि सरळ गिरणीत शिरलो. गिरणी धडाधड चालू. मी ज्वारीच्या पोत्यांमागं बैठक मारली.

गिरणीवाला वाकून बघायला लागला. "दळण कुटं हाय?"

"नाही आणलं."

"मग?"

"मलाच ठेवा थोडा वेळ."

त्याला वाटलं असेल, चक्कर आली बिचाऱ्याला. तो परत दळायला लागला. चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या झोळीतलं पीठ नेमकं माझ्या डोक्यावर उडत होतं. पण जीव वाचवायचा असला की कपड्यांकडं कोण बघतो?

दोन मिनिटांत दारात जीप थांबली. मी पोत्यामागं आणखी खाली सरकलो. तो उतरला, दारात उभा राहिला, गिरणीत अंधार झाला. गिरणीवाल्याशी काहीतरी बोलला. चक्कीच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "…कुटं गावंल?" आणि गिरणीवाला हात लांब करून सांगत होता, "…सरळ जावा, चौकातनं डावीकडं…"

जीप गेली.

मी पोत्यामागून बाहेर आलो आणि त्या देवमाणसाचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. "फार उपकार झाले तुमचे. त्याला चुकीचा रस्ता सांगितलात."

"चुकीचा? चुकीचा कशाला सांगू? कॉलेजाचा सांगिटला."

"कुठल्या कॉलेजचा?"

"अवो, त्यांच्याकडं कुणाची तर फाईल हाय. आत पोरीचा फोटू हाय, आज परीक्षा हाय म्हणं तिची. कोण एक सायकलवालं पावणं तिकटीवर पाडून पळालं. मघाधरनं त्यास्नी फाईल दावालोय म्हणत हुतं, तर त्ये काय थांबंनात…"

बोलता बोलता गिरणीवाला थांबला. माझं हेल्मेट बघितलं. माझं तोंड बघितलं.

"…तुमीच काय त्ये?"

मी बोळात पळालो. सायकल बघितली. कॅरिअरचा चाप मोकळा! तिकटीवर सायकल आडवी टाकली, तेव्हाच फाईल निसटली असणार.

मी मनगट वर केलं. घड्याळात नऊ वाजून सतरा मिनिटं. पोर गेटवर उभी. तिचं दोन वर्षांचं सगळं त्या फाईलमध्ये, आणि ती फाईल ज्याच्या हातात, त्याच्यापासनं मी तिसरी गल्ली, चौथी गल्ली, पाचवी गल्ली करत जिवाच्या आकांतानं पळत होतो. आणि तो कॉलेजला पोचेल का? पोचला तरी शेकडो पोरांत स्नेहलला कसा ओळखेल? कंटाळून निघून गेला तर?

सायकलवर टांग टाकली. आता सगळं उलटं! कॉलेजाचा रस्ता मघाच्याच गल्ल्यांतनं; तीच टपरी, तेच म्हातारे. फक्त आता मी डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक, आणि बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "ओ पावणंऽऽ! जीपवालंऽऽ! थांबाऽऽ!"

चौकात मघाचेच हवालदार. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आता तुमी त्येंच्या मागं? एकदा काय ते ठरवा की दोघांनी!"

"गेले का इकडनं?"

"गेले! पळा! आन् ह्या खेपेला सरळ बाजूनं पळा!"

कॉलेजच्या वळणावर आलो तेव्हा नऊ वाजून एकोणतीस झाले होते. लांबून दिसलं, वॉचमन गेट ओढतोय. "थांबा! थांबा!" म्हणून मी ओरडलो, पण ओरडून ओरडून आवाज बसलेला. माझ्या डोळ्यांदेखत गेट बंद झालं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

स्नेहल कुठंच दिसेना. म्हटलं, रडत मैत्रिणीबरोबर घरी गेली असणार. आता घरी कुठल्या तोंडानं जायचं?

आणि झाडाखाली ती जीप. तिला टेकून तो, मिशीवरनं हात फिरवत उभा.

मी सायकल स्टँडवर लावली. नीट लावली यावेळी. त्याच्यासमोर गेलो आणि हात जोडले. "पावणं, मारा मला. काय मारायचं ते मारा. फक्त फाईल कुठं आहे ते आधी सांगा."

तो दचकून मागंच सरकला. समोर पिठाचा माणूस हात जोडून उभा म्हटल्यावर कुणीही दचकेल. मग हेल्मेटवरनं त्यानं मला ओळखलं.

"मारू? तुमास्नी? कशापायी?"

"मग फाईल…"

"दिली की! पोरगी कवाच आत गेली. हॉलतिकिटावर नाव हुतं, हितं हुबं ऱ्हाऊन चार हाका मारल्या. हितलं सगळं कॉलेज बघाय लागलं. मग आली पळत. रडून रडून डोळं लाल झाल्यालं. म्हटलं, बाळा, पप्पांनी पाठवलीया, पुसा डोळं आन् जावा. झ्याक पेपर लिवा."

काय सांगू तुम्हाला! मी तिथंच रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. डोळ्यांतलं पाणी आणि गालावरचं पीठ, तोंडावरच कणीक तिंबली जायला लागली. सुटलो! पोरगी आत गेली. पोरगी आत गेली! या तीन शब्दांपुढं मला दुसरं काही सुचेना.

तो शेजारी उकिडवा बसला. नाव बाळगोंडा. नेसरीचा. बहिणीच्या पोराचं बारसं म्हणून कोल्हापुरात आलेला. आणि मागची ती जाडजूड दांडकी? पाळण्याचे पाय होते हो! मामाकडचा सागवानी पाळणा, सुटा करून आणलेला. दुपारी त्यात बाळ निजणार होतं.

"पण मग तुम्ही हॉर्न कशाला मारत होता?" मी विचारलं. फुली मारायची खोड अजून गेली नव्हती.

"तुमची सायकल पांढऱ्या पट्ट्यावर आडवी हुबी. ती म्हातारी कवाधरनं पलीकडं जायला बघत हुती. म्हटलं, पावण्यास्नी जरा मागं घ्या म्हणावं. ती बी त्येच वरडत हुती की तुमास्नी!"

म्हणजे आजीही माझ्यावरच ओरडत होत्या. मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

त्यानं मला नळावर नेलं, तोंड धुवायला लावलं, टपरीवर बसवलं. "च्या पिल्याबिगार सोडत न्हाय," असं दरडावून दोन कप पाजले. आणि मग त्याच दरडावणीच्या सुरात म्हणाला, "चला, घरापतोर सोडतो. ह्या पायांनी काय सायकल मारताय?" एका हातानं माझी सायकल उचलली आणि पाळण्याच्या पायांशेजारी नीट बांधली. ओरखडा उठणार नाही अशी, खाली गोणपाट घालून.

मी पुढच्या सीटवर बसलो. वारा लागत होता. गेटमधून आत धावत गेलेली स्नेहल मी बघितली नव्हती, पण मनासमोर सारखी तीच दिसत होती. असं हलकं वाटत होतं की विचारू नका. बायकोला फोन केला, "वेळेत पोचली फाईल." कुणी पोचवली, ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बागल चौकात आलो. आमचा सिग्नल हिरवा. बाळगोंडा अण्णांनी जीप सोडली आणि एवढ्यात एक सायकलवाला, माझ्याच वयाचा, डाव्या बाजूनं भसकन पुढं आडवा आला! अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. माझं कपाळ काचेवर आदळता आदळता राहिलं.

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलो आणि खच्चून ओरडलो, "ओ सायकल! डोळं हायत का बटणं? रस्ता काय एकट्याचा हाय व्हय तुमच्या?"

अण्णांनी माझा टी-शर्ट धरून मला हळूच आत ओढलं. आणि पहिल्यांदाच अगदी बारीक आवाजात म्हणाले, "असू द्या, पावणं. त्येच्या बी पोरीनं घरात काय तर इसारल्यालं असंल."

मी गुपचूप काच वर करायला लागलो. जुनी जीप होती हो, काच हातानं फिरवायची. ती पुरती वर जाईपर्यंत तो सायकलवाला माझ्या तोंडाकडं बघत उभा होता.